स्थळपाहणी

अर्जावर तेवीस सह्या, दोन अंगठे.
विषय: फेरीच्या धक्क्यावर संध्याकाळी जमणारे टोळके.

भाषा मीच नीट केली, पंचायतीत तेच माझं काम.
'भुरगीं पाड पडलीं,' कुश्टाबाब म्हणाले,
मी लिहिलं, 'वर्तन आक्षेपार्ह'.
टोळकं हा शब्द मात्र सगळ्यांचाच.
चार म्हातारे बसले तर ती बैठक,
चार बायका, तर गजाली,
चार पंच बसले तर ठराव होतो.
चौदा वर्षांची चार जणं बसली
की कोंकणीत काय, मराठीत काय,
गुन्हा आधीच घडून गेलेला असतो.

सचिव म्हणाले, एकदा जाऊन बघून या.
म्हणून सातच्या सुमाराला दिवाडीच्या धक्क्यावर
मी, नोंदवही आणि टोक मोडलेली पेन्सिल.
मांडवीला भरती. पलीकडे जुन्या गोव्याचे दिवे.

होती ती. सहा जणं.
साईशने अर्धे केस पिवळे केलेत, हे खरं.
क्लिऑनने माझ्यासमोर शिवी दिली, हेही खरं;
ती पाण्यात पडलेल्या त्याच्या पातीसला होती.
जोविता गुडघ्यांत डोकं घालून.
शुभ्राने तिची वेणी सोडली, घातली,
परत सोडली, परत घातली,
अर्धा तास.
काय झालं, कुणी विचारलं नाही.
आम्ही असतो तर एव्हाना
चार सल्ले, दोन काढे
आणि कौल लावायला एक देऊळ निघालं असतं.

मोबाईल? हो. प्रत्येकाच्या हातात.
अर्जात तसंच आहे, 'सतत मोबाईल'.
फेरी लागली तेव्हा सहाही उजेड
उतारावरच्या शेवाळाकडे वळले,
मान वर न करता, बोलणं न तोडता,
जशी आपण बोलता बोलता माशी हाकलतो.
माणसं त्या उजेडातून पाय टाकत वर आली.
त्यांतल्या तिघांच्या सह्या माझ्या वहीत होत्या.
खांबावरचा दिवा चवथीच्या आधीपासून गेलेला.

यावरून ती गुणी आहेत असं मला म्हणायचं नाही.
उद्या त्यांतला कुणी धक्क्यावरच पाकीट टाकून जाईल,
कुणी आईला खोटं सांगून आलेलं असेल.
पण नुसतं बसायला जागा हवी
म्हणून आधी कुणाला बुडताना वाचवायला हवं का?
कुश्टाबाब तिंट्यावर बसतात चाळीस वर्षं,
त्यांनी कुणाला वाचवल्याचं ऐकिवात नाही.

'आंटी, आमचीं नांवां बरयतात?'
साईशने विचारलं. घाबरून नाही,
सवय झाल्यासारखं. ते मला लागलं.
मी विचारलं, रोज इथे करता काय?
सहाही जण मिळून: 'कांय ना.'

हेच उत्तर माझ्या घरात रोज येतं,
बंद दाराच्या आतून, बारा वर्षांच्या आवाजात.
काय करतेस? काही नाही.
मी त्याला उर्मटपणा म्हणत आले,
जेवताना तिच्या बापाला सांगत आले,
काहीतरी लपवतेय.
धक्क्यावर पहिल्यांदा ते मला पूर्ण वाक्य वाटलं.
शाळा, शिकवणी, टेस्ट, शिकवणी,
शेजारणीच्या मुलीचे टक्के,
आणि मग कुणाचंच नसलेलं पाऊण तास
काही नाही.

परतीच्या वाटेवर शेवाळावर माझा पाय सटकला.
मागून उजेड आला. वळून बघितलं,
तर कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं.

अहवाल.
हजर: सहा.
काय करीत होते: काही नाही.
शिफारस: धक्क्यावरचा दिवा दुरुस्त करावा.

सचिव म्हणाले, बाई,
तो मधला रकाना तेवढा नीट भरा.
मी म्हटलं, भरलाय.